कार्डाच्या मागची बाजू

पडद्यावरचे सर्वांत मोठे वर्तुळ हिरवे होते. त्याच्या मध्यभागी ‘कांदळवन’ असे लिहिले होते आणि खाली २१४ हा आकडा. त्याच्या अंगाला टेकून औद्योगिक प्रदूषणाचे तांबडे वर्तुळ, मग आदिवासी आरोग्याचे, मग गणेशमूर्ती व्यवसायाचे, मग मिठागरांचे. असे करीत करीत वर्तुळे लहान होत पडद्याच्या उजव्या कोपऱ्याशी आली होती, आणि तेथे राखाडी रंगाचा एक ठिपका होता. त्या ठिपक्याजवळ ‘इतर’ हा शब्द होता. हिरामण म्हात्रे पहिल्या रांगेत बसला होता. त्याने खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, सर्व वर्तुळे डावीकडून उजवीकडे वाचली, मग पुन्हा उजवीकडून डावीकडे वाचली, आणि ‘खारशेती’, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती, हा शब्द पडद्यावर कोठेच नाही याची खात्री झाल्यावर चष्मा काढून पुन्हा खिशात ठेवला. व्यासपीठावर त्याच्याच गावची मृणाली बोलत होती. पेण आणि रोहे या दोन तालुक्यांविषयी गेल्या चाळीस वर्षांत जे प्रबंध, जे शोधनिबंध लिहिले गेले त्यांत संशोधकांचे लक्ष कोणत्या विषयाकडे किती गेले याचे हे पहिलेच मोजमाप होय, असे ती सांगत होती. आणि ज्या विषयाकडे संशोधकांचा स्वाभाविक ओढा आहे त्याच विषयाचे अभ्यासकेंद्र या खाडीकाठी उभे राहावे, अशी शिफारस विद्यापीठाच्या समितीपुढे नम्रपणे ठेवत होती. समितीचे तिघे सदस्य पाण्याच्या बाटल्यांमागे बसून मान डोलवीत होते. मृणालीचा आवाज स्वच्छ होता. एके काळी याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या बाकावर, याच आवाजात तिने त्याला विचारले होते, “काका, आपल्या गावावर कोणीच कसं काही लिहिलं नाय?”

तिने तो प्रश्न विचारला तेव्हा हिरामणने खण ओढून तिला कार्डे दाखवली होती. ज्या वर्षी त्यांच्या गावच्या, माळखारच्या, बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधाला, भगदाड पडले त्या वर्षापासून तो ती कार्डे लिहीत होता. भगदाडाला गावात खांड म्हणत. खांड पडली की गावातील प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जाई, माणसांची रांग लागे, आणि चिखलाचे गोळे हातोहात खांडीपर्यंत पोचत. ज्याचे खाचर बुडाले तोही रांगेत आणि ज्याचे उंचावर कोरडे राहिले तोही रांगेत. त्या वर्षी हिरामणच्या घरातून कोणी गेले नाही. वडील अंथरुणावर होते, आणि हिरामणला ग्रंथालयातील पुस्तकांची वार्षिक मोजदाद सोडून येता आले नाही. वास्तविक त्याने रजा मागितलीच नव्हती. अशी घरे त्या वर्षी पुष्कळ होती. कोणाचा मुलगा डोलवीला शिफ्टवर, कोणाचा नागोठण्याला ठेक्यावर. रांग तोकडी पडली, हात हाताला लागेना, आणि पुढच्या उधाणाला खांड वीस हातांची झाली. दोन वर्षांत खारे पाणी आतल्या उघाडीपर्यंत, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारापर्यंत, आले. मग भाताच्या जागी चिपीची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, रोपे उगवली, ती गुडघ्याएवढी झाली, माथ्याएवढी झाली, आणि एकदा ती झाडे झाल्यावर त्यांच्यावर कोयता उगारणे हा गुन्हा ठरला. तेव्हापासून ती शेते शेते राहिली नाहीत. माणसे तेथे येऊ लागली ती झाडे पाहायला, झाडांखालचे खेकडे मोजायला. हिरामण ग्रंथपाल होता. त्याला बांधता येईल असे त्याच्याकडे एवढेच होते. ज्या ज्या प्रबंधात, ज्या ज्या निबंधात या दोन तालुक्यांचे नाव आले त्याचे एक कार्ड तो करू लागला. पुढच्या बाजूला, शाईने, लेखकाचे नाव, शीर्षक, वर्ष आणि नियमाप्रमाणे एकच विषय. एका कार्डाला एक विषय, हा त्याच्या विद्येचा पहिला पाठ होता आणि तो त्याने कधी मोडला नाही.

मोडला नाही म्हणून मागची बाजू होती. कोणताही प्रबंध हिरामण शेवटपर्यंत वाचत असे. ग्रंथपालाने वाचू नये असा नियम नाही. वाचल्यावर, आत खरोखर जे लिहिले आहे ते, तो कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवी. ‘कांदळवनातील मृदेची क्षारता’ या शीर्षकामागे त्याच्या बारीक अक्षरात असे, ‘पृष्ठ ४० ते ११०, माळखारच्या बुडालेल्या शेतांची मोजणी, मालकांच्या नावांसह.’ हे असे का होते, हेही त्याला ठाऊक होते, कारण पुष्कळ शीर्षके त्यानेच सुचवलेली होती. मृणाली एम.ए.चा प्रबंध घेऊन बसली होती तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी तिचा विषय तीन वेळा परत केला होता. बुडालेल्या शेतांवर संदर्भसाहित्य नाही, आणि संदर्भ नाही तो विषय नाही, असे ते म्हणाले. खिडकीजवळच्या बाकावर ती खाली मान घालून बसली होती आणि ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. हिरामणने तिच्यापुढे चहाचा पेला ठेवला व म्हटले, “हे बघ गो, नावात कांदळवन टाक. त्यांना ते आवडतंय. नाव त्यांचं, आत सगळं आपलं. कोण बघतो?” तिने वर पाहिले, आणि हसली. तिचा प्रबंध पंधरा दिवसांत मान्य झाला. त्यानंतर जो जो खाडीकाठचा मुलगा वा मुलगी त्याच्याकडे आली तिला त्याने तोच मार्ग सांगितला, आणि हळूहळू तो मार्ग कोणाला सांगावाच लागेना.

आता, पहिल्या रांगेत बसून, त्याने मनाशी वजाबाकी केली. पेन्सिलीने खारशेती लिहिलेली कार्डे एकशे नऊ होती; त्याला ती मोजायची गरज नव्हती, घरातल्या माणसांचा आकडा जसा मोजावा लागत नाही. ती सगळी त्या हिरव्या वर्तुळाच्या पोटात होती. दोनशे चौदांतून एकशे नऊ गेली तर एकशे पाच उरतात. म्हणजे त्या हिरव्या वर्तुळातून खारशेती वेगळी काढली असती तर पडद्यावरचे सर्वांत मोठे वर्तुळ तिचेच झाले असते. मृणालीने शेवटचे चित्र पडद्यावर आणले. ते त्याचेच पत्र होते. ‘प्रस्तुत सूची माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण व अचूक आहे,’ आणि खाली त्याची सही, वळणदार, ‘हि’ची वेलांटी थोडी अधिक ताणलेली. गेल्या महिन्यात ती त्याच्या घरी येऊन, निवृत्तीनंतर त्याने तेथे आणलेले कार्डांचे खण मोटारीत घालून घेऊन गेली होती, आठ दिवसांनी परत आणून दिले होते, आणि हा कागद पुढे केला होता. त्याने वाचलाही नव्हता. मुलीच्या हातचा कागद कोणी वाचून सही करत नाही. तेवढ्यात त्याचे नाव पुकारले गेले. शाल अंगावर आली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. आणि हिरामणला स्वतःचे हात नारळ छातीशी धरताना दिसले, जणू ते कोणा दुसऱ्याचे होते आणि त्यांना कार्यक्रमाची रीत ठाऊक होती.

चहाच्या वेळी, सभागृहाबाहेरच्या पडवीत, त्याने तिला गाठले. तिच्याबरोबर संगणक विभागाचा प्रविण होता, ज्याने कार्डांची छायाचित्रे यंत्रात घातली होती. तो उल्हासात होता. “काय काका, शाल भारी आहे. आता काकूंसमोर घालून जा, ओळखणार नाहीत.” हिरामण त्याच्याकडे पाहून हसला, कारण मुलगा चांगला होता, आणि मग म्हणाला, “प्रविण, कार्डं दोन्ही बाजूंनी घेतलीस का रे?” प्रविणने वड्याचा घास गिळला. “नाही, एकाच. मॅडम म्हणाल्या, मागे कोरी आहेत.” असे म्हणून त्याने मृणालीकडे पाहिले, मग हिरामणकडे, मग हातातल्या बशीकडे, आणि चटणी आणतो असे सांगून निघून गेला.

मृणालीने चहाचा कप कठड्यावर ठेवला. ती आता चाळिशीकडे झुकली होती. केसांत एक पांढरी रेघ होती आणि ती तिने लपवलेली नव्हती. “काका, बसू या का?”

“नको. मागं काय लिहिलंय ते तुला म्हायत होतं.”

“होतं.”

“तुझ्या स्वतःच्या कार्डामागं काय लिहिलंय तेही.”

“तेही.” “मोजायचं म्हणजे कुठेतरी रेषा ओढावी लागते, काका. शीर्षक आणि विषय. आत वाचत बसलं की ती मोजणी राहत नाही, ते नुसतं माझं मत होऊन बसतं.”

“माझं होतं ते. तुझं नाय.”

“तेच म्हणते. समितीने विचारलं असतं, ही एकशे नऊ कोणी ठरवली? मी काय सांगू? माझ्या गावच्या काकांनी, पेन्सिलीने?” तिने तो शब्द हळू उच्चारला, तरी तो पडवीत बराच वेळ राहिला. “माळखारची पोरगी माळखारचंच केंद्र मागते, असं झालं असतं. केंद्र रत्नागिरीला गेलं असतं. आता निदान आपल्या खाडीवर येतंय. आपल्याच गावात जागा दाखवणार आहे मी.”

“कशाचं केंद्र?”

तिने कठड्यावरचा कप उचलून पुन्हा ठेवला.

“झाडांचं,” हिरामण म्हणाला. “जी आपल्या खाचरात उगवली त्यांचं. आणि आमच्या बायजाकडनं शेतांची नावं लिहून घ्यायची होती ती? कोणाचं खाचर कुठवर होतं ते? म्हातारी माणसं चार उरलीत, मृणाली. तू बोललेलीस की केंद्र झालं तर पहिलं काम ते.”

“ते आपण नंतर करू. एखादा छोटा प्रकल्प.”

“नंतर कोण असंल?”

“काका,” ती म्हणाली, आणि प्रथमच तिच्या आवाजातला तो स्वच्छपणा थोडा ढळला, “नाव त्यांचं, आत आपलं. तुम्हीच शिकवलंत ना? मी तेच करते आहे.”

ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला ते खरेच वाटत होते असे तिच्या मुद्रेवरून दिसत होते. हिरामणने तिच्यावर रागवावे असे काही तिच्यात उरलेच नव्हते. तिने प्रत्येक गोष्ट त्याच्याच खणातून काढलेली होती. आतून कोणी बुडवलेच तर ते आत काय आहे हे जाणणारे माणूस असते, बाहेरचा बिचारा काय बुडवणार, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याला तो फार लांबलचक वाटला. “सोमवारी समिती जागा बघायला येईल,” ती मागून म्हणाली. “बायजाआत्याला सांगून ठेवाल का? ओहोटी अकराला आहे. तिच्याशिवाय आत कोण नेणार?” तो पायऱ्या उतरला.

रोह्याहून सुटणारी दुपारची गाडी रिकामी होती. खिडकीशी बसून त्याने शाल घडी करून पिशवीत टाकली. निडीला गाडी उगाच थांबून राहिली, फलाटावर एक आदिवासी बाई काकड्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती, आणि तिने त्याला विचारले, “बाबा, काकरी देव?” त्याने नको म्हटले, आणि मग त्याला वाटले की ही बाई जर कोणाच्या प्रबंधात आलीच तर ती आदिवासी आरोग्यात जाईल, तिच्या काकड्या कोठेही जाणार नाहीत. सारे आयुष्य त्याने माणसांना असेच कोठे तरी घातले होते. नागोठण्याच्या पुलावरून अंबा नदी तपकिरी, संथ दिसली. त्याला आठवले की नोकरीच्या पहिल्या वर्षी वृद्ध ग्रंथपालांनी त्याला सांगितले होते, पुस्तकावर शाईने काही लिहू नये, पेन्सिलीने लिहावे, म्हणजे पुढच्याला खोडता येते. आणि त्याला तेव्हा त्यात केवढा विनय दिसला होता. जे स्वतःचे, जे आतले, जे खरे, ते पेन्सिलीने. जे नियमाचे ते शाईने. तीस वर्षे त्याने जे खरे होते ते खोडता येईल असे लिहिले होते, आणि मृणालीला ते खोडण्याचेही श्रम पडले नाहीत; तिने कार्ड फक्त उलटले नाही. बाकावर त्याच्या शेजारी कोणी नव्हते. त्याने रिकाम्या जागेवर तळहात ठेवला. त्या वर्षीच्या बांधावर रांगेत त्याची जी जागा मोकळी राहिली होती ती साधारण एवढीच रुंद असेल. एवढ्याच रुंदीतून पाणी आत आले असेल असे नाही. पण येऊ शकते. ती मोकळी जागा भरून काढावी म्हणून त्याने सहाशे त्रेचाळीस कार्डे लिहिली, आणि आज त्याच कार्डांनी सिद्ध केले की तेथे कधी शेत नव्हतेच.

पेणला उतरून तो घरी गेला नाही. माळखारला जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात बसला. चालकाने आरशातून विचारले, “काय ग्रंथपाल, नारल कुटं चालवला?” तेव्हा त्याला कळले की नारळ अजून आपल्या हातातच आहे. गावच्या टोकाला बायजाबाईचे घर होते, आणि घरामागून चिपीची झाडे सुरू होत. त्यांची पाने उन्हात तेलकट चमकत. बायजाबाई हिरामणची बहीण, त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती, आणि खांड पडल्यापासून जो कोणी वही घेऊन येई त्याला ती ओहोटीच्या वेळी आत नेई. बुडालेल्या बांधाचा माथा चिखलाखाली कोठून कोठे जातो हे तिच्या पायांना ठाऊक होते. दुसरे कोणी गेले तर कमरेइतके रुते. चालताना ती शेतांची नावे सांगे: मोठी खार, आईचे खाचर, धाकटी, भिजकी, काशीनाथचा तुकडा. वहीवाले ती लिहून घेत, मग खेकड्यांची बिळे कोठे आहेत असे विचारीत. तिने कधी कोणाला परत पाठवले नाही. हिरामण सांगे की हे लिहिले जाईल आणि लिहिलेले राहील. आणि तिला लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्याच्या त्या बोलण्यावर तिचा देवावर असतो तसा विश्वास होता.

ती मागच्या पडवीत पाटावर बसून निवट्या, चिखलातले छोटे मासे, साफ करत होती. झाडांखालच्या चिखलात आता त्या फार मिळत. राख लावून एकेक निवटी ती बोटांत धरी आणि विळीवर टेकवी. “आलास व्हय,” ती वर न पाहता म्हणाली. “काय झाला? आपला नाव आला का?”

हिरामणने नारळ भिंतीशी ठेवला आणि जमिनीवर बसला. “नाय आला.”

“आज नाय तं उद्या येल.”

“नाय येनार, बाय. झाडांचा आला. सगल्यांत मोठा.”

विळी थांबली. तिने झाडांकडे पाहिले, जसे कोणी लग्नात आलेल्या परक्या माणसाकडे पाहते. “आनि मोठी खार?”

“ती झाडांत मोजली.”

“कोनी?”

आता त्याला मृणालीचे नाव घेणे शक्य होते. लहानपणी या पडवीत ती बायजाच्या मांडीवर झोपली होती. “मीच,” तो म्हणाला. “माज्याच कार्डांवरना.”

बायजाबाईने पुढची निवटी उचलली, तिला राख लावली, आणि बराच वेळ ती हातात तशीच धरून ठेवली. तिच्या बोटांची पेरे खाऱ्या पाण्याने पांढरी झाली होती. तिने त्याला शिवी दिली असती तर त्याला बरे वाटले असते. तो ज्या शिव्या खायला या गावी आला होता त्या येथे नव्हत्या. येथे एक म्हातारी होती जिने तीस वर्षे आपल्या शेतांची नावे लोकांना सांगितली होती, आणि ती सांगितली गेली त्याच क्षणी हरवत होती हे तिला कोणी सांगितले नव्हते. इतक्यात त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजू लागला. मृणालीचा होता. त्याने तो कानाला लावला; पलीकडचा आवाज बायजाबाईलाही ऐकू जात होता.

“काका, पोचलात का? आत्याला विचारलंत? सोमवारी साडेदहाला आलो तर चालेल ना? समितीतले एक सर वयस्कर आहेत, तिनेच हात धरून न्यायला हवं.”

हिरामण बायजाबाईकडे पाहत होता. तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता आणि हात भरलेले असल्यामुळे तो तिला पुसता येत नव्हता. एखादी चुकीची तारीख, एखादे चुकीचे आद्याक्षरही त्याने जन्मात लिहिले नव्हते. “बायजा गेली,” तो म्हणाला.

मग मृणालीचा आवाज आला, आणि तो आता अगदी खिडकीजवळच्या बाकावरचा होता. “कधी? काका, कधी गेली?”

त्याला तारीख सांगता येईना. त्याने फोन खाली घेतला आणि बंद केला, आणि तो मांडीवर पालथा ठेवला.

बायजाबाईने विळी आडवी केली. मनगटाने कपाळ पुसले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो चेहरा कसला तरी हिशेब करत होता, खाचरात पाणी किती चढले याचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा असतो तसा. “मेले मी?”

“व्हय.”

“सोमवारी नाय जायाचा मंग.”

“नाय.”

“परत कवाच नाय?”

“तू बोलशील तसा.”

तिने मान हलवली. चूल पेटलेली होती. उठून तिने तवा चढवला, तेल सोडले, आणि निवट्या एकेक करून तेलात सोडू लागली. घर त्या वासाने भरून गेले. पाठमोरी असतानाच ती म्हणाली, “बहीन मेली तर सुतक लागतंय रं. सुतकात मासली खात नाय. मंग ह्या येवड्या कोनी खायाच्या?”

हिरामणने हात धुतले. भिंतीला टेकवलेले ताट त्याने स्वतःच काढून घेतले आणि तिच्यापुढे धरले.